कायद्याची मुभा आणि घरचा धीर



"सरकारने कायद्यानेच परवानगी दिली आहे, मग त्यात पाप ते कसले?" गर्भपाताचा विषय निघाला की हे वाक्य आजकाल अगदी सहज बोलले जाते. मसाटच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या तरुण स्त्रियांच्या तोंडी ते आहे, चाळीतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे, आणि रविवारी मिस्साबलीस नेमाने येणाऱ्या कुटुंबांतही ते ऐकू येते. याच्या अगदी उलट बोलणारे श्रद्धाळूही आहेत. त्यांच्या मते कायदा कडक केला, दोन-चार डॉक्टरांस तुरुंग दाखविला, की हा प्रश्न कायमचा मिटला. वरवर पाहता हे दोन पक्ष एकमेकांचे वैरी दिसतात. परंतु एका गोष्टीत त्यांचे एकमत आहे. उदरातल्या लेकराचे काय व्हावयाचे ते कायदा ठरवितो, असे दोघेही धरून चालतात. आमचे नम्र म्हणणे असे की, ते बहुतांशी घर ठरविते.

हे म्हणणे पटावे म्हणून प्रथम दूरच्या दोन बेटांची हकिकत सांगतो. दूरच्या उदाहरणात आपले हेवेदावे गुंतलेले नसतात, त्यामुळे विचार शांतपणे करता येतो.

कॅरिबियन समुद्रात बार्बाडोस नावाचे एक चिमुकले बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ आमच्या दादरा-नगर हवेलीहूनही थोडे कमी, आणि लोकसंख्या तीन लाखांच्या आत. या बेटाने १९८३ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला आणि ठरावीक कारणांसाठी, डॉक्टरांच्या मताने, गर्भपातास मुभा दिली. नवलाची गोष्ट अशी की, त्या कायद्याचे इंग्रजी नाव आणि भारताच्या १९७१ च्या कायद्याचे इंग्रजी नाव एकच आहे. त्याच १९८३ साली युरोपातील आयर्लंड या कॅथलिक बेटाने नेमके उलट पाऊल उचलले. त्या वर्षी ७ सप्टेंबर रोजी तेथे जनमत घेण्यात आले, आणि सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी उदरस्थ बालकाचा जगण्याचा हक्क मातेच्या जगण्याच्या हक्काइतकाच मानून तो राज्यघटनेत नोंदविला. एका बेटाने दार उघडले, दुसऱ्याने त्यास घटनेचे कुलूप घातले.

आता कुलूप घालून काय झाले ते पाहावे. आयर्लंडातील स्त्रिया दरवर्षी हजारोंच्या संख्येने समुद्र ओलांडून इंग्लंडात जात आणि तेथे गर्भपात करवून परत येत. १९९२ साली तर या प्रवासास आडकाठी होऊ नये म्हणून घटनेत वेगळी दुरुस्ती करावी लागली. ज्या देशात संध्याकाळी घरोघर रोझरी म्हटली जाई, त्याच देशाच्या लेकी गुपचूप आगबोटीत बसत होत्या. कायदा कडक होता. परंतु अविवाहित मातेकडे पाहणारी नजर त्याहून कडक होती. कायद्याने बालकास घटनेत स्थान दिले, पण कित्येक घरांनी त्याच्या आईस ओसरीवरही स्थान दिले नाही.

या आयर्लंडाची हकिकत आपल्या मराठी मुलखाच्या सीमेपर्यंत येऊन पोहोचली ती २०१२ साली. बेळगावची एक लेक, सविता हलप्पनवार, व्यवसायाने दंतवैद्य, पतीसह तेथे राहत होती. वय अवघे ३१ वर्षांचे. सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडू लागला आणि ऑक्टोबर महिन्यात तिला गॉलवे शहरातील रुग्णालयात नेण्यात आले. बालक वाचणार नाही हे डॉक्टरांस कळून चुकले होते. तिने गर्भ काढून टाकावा अशी विनंती केली; परंतु बालकाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर कायद्याने तसे करता येत नाही, असे तिला सांगण्यात आले. पुढे बालक मृतावस्थेत जन्मले, आणि २८ ऑक्टोबर रोजी, जंतुसंसर्ग रक्तात भिनून, सविताही गेली. नंतरच्या अधिकृत चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. एक, जंतुसंसर्ग वेळेवर ओळखण्यात आणि त्यावर लक्ष ठेवण्यात हयगय झाली. दुसरी, कायद्याच्या भीतीने व अस्पष्टतेने उपचार करणाऱ्यांचे हात अडखळले. तेथील एका परिचारिकेने 'हा कॅथलिक देश आहे' असे तिला म्हटले होते, हेही साक्षीत उघड झाले.

वाचकहो, हे शेवटचे वाक्य आम्हां कॅथलिकांच्या जिव्हारी लागावयास हवे, कारण ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. १९५१ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी कुटुंबसंस्थांपुढे बोलताना हे स्पष्ट करून ठेवले होते. माता आणि बालक यांपैकी बालकाचाच जीव अधिक मोलाचा, असे ख्रिस्तसभेने कधीच शिकविलेले नाही. दोन्ही जीव परमेश्वराचे, आणि दोन्ही वाचविण्याची पराकाष्ठा करावयाची. बालकास हेतुपुरस्सर ठार मारणे कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही. परंतु मातेच्या प्राणघातक आजारावर जो उपचार अवश्य आहे तो करताना, तसा हेतू नसता, बालक वाचू शकले नाही, तर ते दुःख आहे, पाप नव्हे. आयर्लंडच्या महागुरूंनीही २०१२ च्या नोव्हेंबरात हीच शिकवण पुन्हा सांगितली. म्हणून आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक घराने हे पक्के ध्यानी ठेवावे: गरोदर स्त्रीस ताप भरला, अंगावरून रक्त जाऊ लागले, पोटात असह्य कळा आल्या, फीट आली, तर धर्माचे नाव घेऊन तिला घरी थांबवून ठेवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. २५ मे २०१८ रोजी आयर्लंडात पुन्हा जनमत घेण्यात आले, आणि पुन्हा सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी, परंतु या वेळी उलट्या बाजूने, कौल दिला. घटनेतले ते कलम गेले. २०१९ च्या आरंभापासून तेथे बाराव्या आठवड्यापर्यंत मागणीवरून गर्भपात होऊ लागले. पस्तीस वर्षे जे कुलूप होते ते लोकांनीच काढून टाकले, कारण कुलपामागच्या घरात माणुसकीचा दिवा लावावयाचे राहून गेले होते. आम्हांस त्या निकालाचे दुःखच वाटते. पण त्यातील बोध न घेतला तर ते दुःख व्यर्थ होय.

आता आपल्या देशाकडे वळू. १८६० च्या दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात हा अपराध ठरविला होता. मातेचा जीव वाचविणे एवढाच अपवाद होता. १९६४ साली महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने एक समिती नेमली. अडाण्या हातांनी चोरून केलेल्या गर्भपातांत स्त्रिया मरतात, हे त्या समितीने सरकारपुढे मांडले. १९६६ च्या अखेरीस तिचा अहवाल आला, आणि त्यातून १० ऑगस्ट १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा जन्मास आला. १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आहे. आमची दादरा-नगर हवेलीची भूमी १९५४ साली पोर्तुगीज अमलातून सुटली आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतीय संघराज्यात आली. त्यामुळे जो कायदा मुंबईस तोच सिल्वासास लागू आहे.

२०२१ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. आता विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि विशिष्ट प्रकारच्या स्त्रियांच्या बाबतीत चोविसाव्या आठवड्यापर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, गर्भपात करता येतो. बालकात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने सांगितल्यास मुदतीची अटही राहत नाही. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चोविसाव्या आठवड्यापर्यंतच्या या सवलतीतून अविवाहित स्त्रियांस वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. तरीही एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गर्भपात हा आजही मुळात अपराधच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात तो तसा नोंदलेला आहे. १९७१ चा कायदा हा केवळ त्यास अपवाद आहे. अपवादाने शिक्षा टळते. त्याने कृत्य पुण्यकारक होत नाही. सरकार दारूच्या दुकानास परवाना देते म्हणून कोणी घरची चूल विझवून दारू प्यावी असा त्याचा अर्थ होत नाही.

मात्र याच कायद्यात एक कलम असे आहे की, ते प्रत्येक ख्रिस्ती घराने पाठ करून ठेवावे. अठरा वर्षांवरील, मनाने निरोगी असलेल्या स्त्रीचा गर्भपात तिच्या स्वतःच्या संमतीवाचून कोणासही करता येत नाही. नवऱ्याची सही, सासूचा हुकूम, बापाची अब्रू, यांपैकी कशासही कायद्याने मान दिलेला नाही. स्त्रीच्या संमतीवाचून गर्भपात घडवून आणणाऱ्यास न्याय संहितेच्या ८९ व्या कलमान्वये जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. मुलगी अठरा वर्षांखालील असल्यास पालकाची लेखी संमती लागते. परंतु अशा मुलीस दिवस गेले म्हणजे तिच्यावर बाललैंगिक अपराध घडला असे २०१२ चा कायदा मानतो, आणि त्याची खबर पोलिसांस देणे बंधनकारक आहे. तिला दोष देत बसण्यापूर्वी हे आठवावे. अशा प्रसंगी १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

संमतीचे हे कलम पोकळ नाही, याची साक्ष २००९ सालच्या एका खटल्यात मिळते. चंदीगड येथील सरकारी आश्रमात राहणारी, आईबाप नसलेली, बुद्धीने काहीशी मंद अशी एक तरुणी अत्याचारामुळे गरोदर राहिली. तिचा सांभाळ करणाऱ्या प्रशासनाने गर्भपाताची परवानगी मागितली आणि उच्च न्यायालयाने ती दिली. पण त्या तरुणीस मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश रोखला आणि निर्णय दिला की, ती मंदबुद्धी असली तरी मनोरुग्ण नव्हे. तिची संमती नाही, म्हणून गर्भपात नाही. विचार करावा, वाचकहो. जिला घर नव्हते, नाव सांगण्याजोगे गणगोत नव्हते, तिच्या 'नको' या एका शब्दापुढे सारे सरकार थांबले. मग आपल्या घरातल्या लेकीसुनेच्या 'नको' या शब्दास आपण किती किंमत देतो?

कारण खरी गोष्ट ही आहे. कायदा दार उघडून बाजूस उभा राहतो. त्या दारातून आत लोटणारे हात बहुधा घरचेच असतात. क्वचित ते प्रेमाचेही असतात. 'पोरीचे आयुष्य फुकट जाईल', 'धाकटीचे लग्न मोडेल', 'लोक काय म्हणतील', 'आताच तर कारखान्यात चिकटली आहे', 'पुन्हा मुलगीच असली तर?' ही सारी वाक्ये आम्हां सर्वांच्या परिचयाची आहेत. ती बोलणारे दुष्ट नसतात, भ्यालेले असतात. तथापि भीतीने केलेल्या कृत्याचे ओझे शेवटी एकट्या त्या मुलीच्याच शरीरावर आणि मनावर राहते.

'पुन्हा मुलगीच' या वाक्यापाशी क्षणभर थांबावे लागेल. गर्भजल तपासून मुलींचे गर्भ पाडण्याचे प्रकार मुंबईत वाढले तेव्हा, १९८८ साली, महाराष्ट्राने देशात प्रथम अशा तपासणीवर बंधन घालणारा कायदा केला. १९९४ साली तो साऱ्या देशासाठी झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ राहिल्या. आमच्या दादरा-नगर हवेलीत, जेथे आदिवासी बांधवांच्या घरी मुलीचा जन्म कधी ओझे मानला जात नसे, तेथे हाच आकडा ९७९ वरून ९२६ वर आला. कारखान्यांबरोबर परप्रांतांतील कुटुंबे येथे आली आणि गावाची घडण बदलली, हे खरे. पण आकड्याचे कारण काहीही असो, आपल्या घरी सोनोग्राफीवाल्यास खूण विचारण्याचा मोह कोणास झाला असेल, तर त्याने हे आकडे आठवावेत. येथे कायदा कडकच आहे. उणीव आहे ती घराची.

ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा या बाबतीत काय म्हणतो, हेही अनेकांस ठाऊक नसते. गर्भपात घडवून आणणाऱ्यास धर्मबहिष्काराची शिक्षा आपोआप लागू होते, एवढे ऐकलेले असते. आणि ती शिक्षा त्या मुलीसाठीच आहे असा समज करून घेतला जातो. वस्तुतः ज्यांच्या साहाय्यावाचून ते कृत्य घडलेच नसते, असे सर्व जण त्यात येतात: पैसे देणारा, धमकावून दवाखान्यात नेणारा, शस्त्रक्रिया करणारा. उलट सोळा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलीस ही शिक्षा लागू होत नाही. अठरा वर्षांखालील मुलीस, आणि जी गंभीर भीतीपोटी तसे करते तिलाही, ती आपोआप लागत नाही. म्हणजे धर्मशास्त्राची नजर घाबरलेल्या पोरीवरून पुढे सरकते आणि तिच्या मागे उभ्या असलेल्यांवर जाऊन स्थिरावते. पित्यांनी, पतींनी व सासवांनी यावर स्वस्थपणे मनन करावे.

येथे नाझरेथच्या योसेफाची आठवण होते. ज्या कन्येशी त्याचा वाङ्निश्चय झाला होता ती गरोदर आहे, आणि ते मूल आपले नव्हे, हे त्यास समजले. त्या काळचा कायदा तिच्या विरुद्ध होता. तो तिला गावासमोर उभी करू शकला असता. पण तो न्यायी होता, म्हणून त्याने तिची बेअब्रू करण्याचे मनातही आणले नाही. आणि देवदूताचा शब्द ऐकताच त्याने तिला आपल्या घरी आणले. कायद्याने जी मुभा दिली होती ती त्याने घेतली नाही. जगाचा तारणारा एका सुताराच्या घराच्या धीरावर वाढला. आमच्या प्रत्येक ख्रिस्ती घरास हाच कित्ता आहे.

आता हा धीर व्यवहारात कसा दाखवावा, हे सांगावयास पाहिजे. नुसत्या उपदेशाने पोट भरत नाही आणि लेकरूही वाढत नाही.

लेकीने जड मनाने ती गोष्ट सांगितली, तर त्या रात्री कोणीही मोठ्याने बोलू नये आणि हात तर मुळीच उगारू नये. तिला जेवावयास वाढावे. पहिल्या दिवशी कोणताही निर्णय करू नये. औषधाच्या दुकानातून चोरून गोळ्या आणून देणे हा तर शुद्ध घातकीपणा होय. गर्भ नळीत राहिला असेल तर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. नळी फुटते आणि मुलगी जिवानिशी जाते. कोणी असा प्रकार आधीच केला असेल आणि रक्त थांबत नसेल, तर लाज गुंडाळून ठेवून तिला रुग्णालयात न्यावे. डॉक्टरांनी तिचे नाव गुप्त ठेवावे असा कायदा आहे.

मुलाच्या बापाशी घाईघाईने लग्न लावून देणे हाही उपाय नव्हे. भीतीने व सक्तीने दिलेला होकार ख्रिस्तसभेच्या दृष्टीने विवाहाचा होकारच नव्हे. दोघांची खरी इच्छा असेल तर विवाह अवश्य व्हावा. नसेल तर एका संकटावर दुसरे संकट रचू नये. मात्र मुलग्याच्या आईबापांनी हात झटकून मोकळे होऊ नये. लेकरू दोघांचे आहे.

नोकरीची भीती असेल तर हे ध्यानी ठेवावे. गरोदरपणाच्या रजेवर असलेल्या स्त्रीस कामावरून काढणे बेकायदा आहे. १९६१ च्या कायद्याने हा हक्क दिला, २०१७ साली पगारी रजा पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची झाली, आणि पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम ठेवण्यात आली. सरकारी रुग्णालयांत, आमच्या सिल्वासाच्या श्री विनोबा भावे नागरी रुग्णालयासारख्या ठिकाणी, बाळंतपणाचा, शस्त्रक्रिया करावी लागली तरी, खर्च घेतला जाऊ नये अशी २०११ पासूनची योजना आहे. आशाताईंकडे वेळेवर नाव नोंदविले तर पुष्कळ चिंता हलक्या होतात.

'मुलाला बापाचे नाव काय लावावयाचे?' हा प्रश्न घरोघर विचारला जातो. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अविवाहित माता बापाचे नाव न सांगताही आपल्या मुलाची पालक होऊ शकते, आणि केवळ तिच्या नावावर मुलाचा जन्मदाखला दिला गेला पाहिजे. तो खटला लढणारी माता स्वतः ख्रिस्ती होती. आमच्या चर्चच्या दारीही तोच न्याय आहे. आईचे लग्न झालेले नाही म्हणून बालकास स्नानसंस्कार नाकारला जात नाही, आणि त्या दिवशी वेदीवरची मेणबत्ती इतरांच्या मेणबत्तीहून लहान नसते.

मूल वाढविणे एखादीस खरोखरच अशक्य असेल, तर तिच्यासाठी आणखी एक वाट आहे. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे ती आपले बालक कायदेशीरपणे सोपवू शकते. तिचे नाव उघड होत नाही, आणि फेरविचारासाठी तिला दोन महिन्यांची मुदत मिळते. त्यानंतरच ते मूल दत्तक देता येते. मदर तेरेसांनी १९७९ साली ऑस्लो येथे नोबेल पारितोषिक स्वीकारल्यावर जगापुढे केलेल्या भाषणात हेच सांगितले होते की, गर्भपाताशी आम्ही दत्तकाने झुंजतो. आपल्या धर्मग्रामातही मूल नसलेली दांपत्ये आहेत. या मार्गाने घरात आलेल्या लेकराकडे 'कोणाचे रक्त' अशा नजरेने पाहणे आपण सोडले पाहिजे.

बालकात व्यंग असल्याचे ज्यांस डॉक्टरांनी सांगितले आहे, त्यांच्या दुःखाबद्दल आम्ही अत्यंत आदराने बोलतो. २००८ साली मुंबईचे एक दांपत्य अशाच कारणासाठी उच्च न्यायालयात गेले होते. त्या काळी विसाव्या आठवड्यापुढे मुभा नव्हती, आणि न्यायालयाने परवानगी नाकारली; पुढे थोड्याच दिवसांत ते बालक उदरातच गेले. अशा आईबापांस दूरवरून नीतीचे धडे देणे सोपे आहे. त्यांच्या सोबत रुग्णालयाच्या बाकावर बसणे, घरच्या इतर मुलांस जेवू घालणे, आणि जन्मलेले अपंग लेकरू दोन तास सांभाळून आईस झोप मिळवून देणे, हे कठीण आहे. आपण जोवर ते कठीण काम करीत नाही, तोवर आपल्या 'गर्भपात करू नका' या शब्दास वजन येणार नाही.

शेवटी, ज्या भगिनींच्या हातून हे पूर्वीच घडून गेले आहे, त्यांच्याशी दोन शब्द. काही वर्षे लोटली तरी ती तारीख आपण विसरला नाहीत, हे आम्ही जाणतो. गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार पोप फ्रान्सिस यांनी २० नोव्हेंबर २०१६ च्या पत्राने सर्व धर्मगुरूंस कायमचा दिला. आपणांस कोठे दूर जावे लागणार नाही, कोणाच्या शिफारसपत्राची गरज नाही. पापनिवेदनाच्या जाळीपाशी एक वाक्य पुरते. जे पुरुष त्या कृत्यास कारण झाले त्यांनीही यावे. आमच्या अनुभवास येते ते असे की स्त्रिया रडत येतात आणि पुरुष येतच नाहीत.

वाचकहो, कायदा उद्या पुन्हा बदलेल. एखादे सरकार मुदत वाढवील, एखादे कमी करील. नागरिक म्हणून, उदरस्थ बालकाचा जीव राखणारा कायदा व्हावा यासाठी आपण सनदशीर मार्गाने बोलत राहावे. ते आपले कर्तव्यच आहे. पण आज रात्री मसाटच्या एखाद्या खोलीत एखादी मुलगी आईला सांगू की नको असा विचार करीत जागी असेल, तर तिच्यापाशी कायदा नसेल, आपणच असू. सिल्वासाच्या पियेदाद मातेने आपल्या निष्प्राण पुत्रास मांडीवर घेतले आहे. ती आमच्या घरांतील मातापित्यांस एवढा धीर देवो की, कोणत्याही लेकीस आपले लेकरू मांडीवर घेण्यापूर्वीच गमावण्याची पाळी येऊ नये. आमेन.